गाडीत दोष नाही

माझे काका बिस्किटांच्या कारखान्यात फिटर होते. पाकिटं भरणारी आणि चिकटवणारी यंत्रं अडून बसली की कुणाचं ऐकायची नाहीत, काका आले की मात्र मुकाट चालायची. निदान काकांचं म्हणणं तसं होतं. घरीही तोच खाक्या. दाराची कडी, पंख्याचं बटण, शेजाऱ्यांच्या सायकलीचा ब्रेक, सगळ्याला त्यांचा हात लागलेला. नवीन आणलेली वस्तू एकदा उघडून, तपासून, जरा "सुधारून" घेतल्याशिवाय त्यांना ती आपली वाटत नसे. काकू म्हणायची, "ह्यांच्या तावडीतून या घरात मी एकटीच सुटलेय, कारण मला स्क्रू नाहीत."

त्यांचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याला मी दादा म्हणते. दादाला आणि वहिनीला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली. इतक्या वर्षांनी झालेली, म्हणून तिला कुठे ठेवू आणि कुठे नको असं सगळ्यांना झालेलं. तिला घरात ठकी म्हणत. ठकी पाच महिन्यांची झाली, वहिनीची रजा संपत आली आणि काकूनं सांगून टाकलं, "तू खुशाल कामावर जा. दिवसभर मी आहे." मग बाबागाडी घ्यायचं ठरलं, कारण काकूचे गुडघे कुरकुरायचे आणि ठकीला संध्याकाळी बागेत गेल्याशिवाय चैन पडायचं नाही.

दुकानात आम्ही पाच जण गेलो. ठकी धरून सहा. मला वहिनीनं मुद्दाम नेलं होतं, आपल्या बाजूनं एक मत असावं म्हणून.

तिनं एक चारचाकी गाडी आधीच हेरून ठेवली होती. हलकी, एका हातानं मिटणारी. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून पुढची चाकं बोटानं फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ही चाकं आहेत की कोटाची बटणं?"

"बाबा, घरात ठेवायला सोपी आहे ती," वहिनी म्हणाली.

"घरात ठेवायचीय की रस्त्यावर न्यायचीय? आपल्या फुटपाथवरच्या फरशा पाहिल्यास ना? एक वर, एक खाली. पोरीचे दात यायच्या आधीच खिळखिळे होतील."

त्यांची नजर पलीकडच्या गाडीवर गेली होती. तिला तीन चाकं होती, मोठी, हवा भरलेली. मागे दोन, पुढे एक. काकांनी ती दुकानाच्या पायरीवरून एकदा खाली नेली, एकदा वर आणली. गाडी लोण्यासारखी चालली हे आम्हालाही दिसलं.

"तीनच चाकं?" काकू म्हणाली. "बाकीच्यांना चौथं काय शोभेला लावतात?"

"अगं, तिवई कधी डुगडुगलेली पाहिलीस? डुगडुगते ती चार पायांची खुर्ची. तीन पाय कुठेही ठेव, तिन्ही टेकतातच."

"तिवई जागची हलत नाही. ही पळणार आहे."

दुकानातली मुलगी हसली. पण मग तिनं नीट समजावून सांगितलं. घरात आणि दुकानात पुढचं चाक मोकळं ठेवायचं, म्हणजे गाडी जागच्या जागी वळते. बाहेर खडबडीत रस्त्यावर आणि उतारावर मात्र ते सरळ करून वरची खिट्टी लावायची, म्हणजे चाक आडवं फिरत नाही. खिट्टी लागली की टक् असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. वहिनीनं खिट्टी वर ओढून पाहिली. दोनदा प्रयत्न केल्यावर ती सुटली आणि तिचा अंगठा लाल झाला.

"फार घट्ट आहे हो."

"घट्टच असते ती. असायला हवी," ती मुलगी म्हणाली.

"ते माझ्याकडे सोड," काका वहिनीला म्हणाले. आणि तीनचाकी घरी आली. माझं मत कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले तर ते गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले होते. खिट्टी त्यांनी बाहेर काढली होती आणि तिच्या टोकाला कानस लावत होते. "टोक जरा निमुळतं केलं की अलगद बसते, अलगद निघते," ते मला म्हणाले. आतली स्प्रिंगही त्यांनी पक्कडीनं एक वेढा तोडून आखूड केली. सगळं जोडलं आणि वहिनीला हाक मारली. वहिनीनं एका बोटानं खिट्टी उचलली. टक् आवाज तसाच येत होता. "बाबा, तुम्ही म्हणजे ना," एवढंच ती म्हणाली, पण काकांची कळी खुलली.

तीन महिने सगळं छान चाललं. काकू रोज संध्याकाळी ठकीला बागेत न्यायची. काकूच्या चालीवरून लोकांना घड्याळ लावता आलं असतं.

मग एका मंगळवारी गाडी पडली.

शाळेच्या भिंतीलगत थोडा उतार आहे. काकू बागेतून परत येत होती. एका हातात फळांची पिशवी, दुसरा हात गाडीवर. एका वर आलेल्या फरशीला पुढचं चाक अडखळलं आणि एकाएकी आडवं फिरलं. गाडी कोलमडली ती सरळ उजव्या कुशीवर. ठकी पट्ट्यात बांधलेली होती म्हणून बाहेर फेकली गेली नाही, पण भुवईवर दगडाची कड लागली आणि खांद्याजवळच्या नाजूक हाडाला चीर गेली. काकूच्या दोन्ही गुडघ्यांची सालटी निघाली होती, ते तिला दवाखान्यात कुणीतरी दाखवल्यावर कळलं.

भुवईला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांची हाडं लवकर जुळतात, काळजी करू नका. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. ठकीला छातीशी धरून ती भिंतीकडे बघत बसली. दादानं विचारलं, "आई, झालं तरी काय?"

"चाक आपोआप फिरलं रे."

"खिट्टी लावली होतीस?"

"लावली होती. टक् वाजलं होतं."

"मग आपोआप कसं फिरेल?"

काकूनं आपल्या हाताकडे पाहिलं. "माझा एकच हात होता गाडीवर," ती म्हणाली.

दादानं येताना रस्त्यावरून गाडी उचलून आणली होती. ती गॅलरीत ठेवली होती. घरी आल्यावर काकांनी जाऊन पाहिली. बाहेरून नुसतं खरचटलं होतं. त्यांनी खिट्टी लावली, बसायच्या जागेत धान्याचा डबा ठेवला आणि गाडी गॅलरीच्या उंबऱ्यावरून खाली उतरवली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा चाक उंबऱ्याला जरा तिरकं लागलं आणि निमुळत्या टोकावरून खिट्टी हळूच वर सरकली. चाक आडवं झालं. आवाजसुद्धा आला नाही.

हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाले, "चाळीस वर्षं यंत्रं सांभाळली. एखादा भाग घट्ट असतो तो कशासाठी असतो, हे मी नव्या लोकांना शिकवतो."

त्याच वेळी आतून दादानं विचारलं, "बाबा, गाडीत काही बिघाड आहे का?"

आणि काका म्हणाले, "नाही. गाडीत दोष नाही."

त्यांच्या शब्दाला घरात वजन होतं. यंत्राच्या बाबतीत तर तो शेवटचा शब्द. मग गाडीत दोष नाही तर दोष कुणात, हे कुणी बोलून दाखवलं नाही, दाखवायची गरजच राहिली नाही. काकूनं ते स्वयंपाकघरात ऐकलं. ती नळाखाली भांडं धरून उभी होती, भांडं भरून वाहू लागलं तरी तशीच उभी राहिली.

"मी सांगणार होतो," काका मला म्हणाले. "सगळ्यांची मनं जरा थाऱ्यावर आली की सांगू, असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो आणि आधी लेथवर नवीन खिट्टी बनवली. जुनी भंगाराच्या पेटीत टाकली. नवी बसवली, चांगली जाड स्प्रिंग घातली. मग सांगायला पुरावाही उरला नाही आणि तोंडही."

वहिनीनं ठकीला पाळणाघरात घातलं. काकूला ती वाकडं काही बोलली नाही. "आई, तुमच्या गुडघ्यांना विश्रांती मिळेल," असं म्हणाली. खरंतर एखादा टोमणा मारला असता तर काकूला बरं वाटलं असतं. भांडायला तरी जागा मिळाली असती. आता ठकी संध्याकाळी घरी यायची, काकू हात पुढे करायची आणि वहिनी म्हणायची, "आधी बसा आई, मग देते." काकू जमिनीवर बसायची, भिंतीला पाठ टेकायची, मग वहिनी ठकीला तिच्या मांडीवर ठेवायची आणि स्वतः तिथेच, हाताच्या अंतरावर बसून राहायची. काही दिवसांनी काकूनं हात पुढे करणंच सोडलं.

त्या दिवसांत मी तिच्याकडे गेले की ती स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघत असायची. एकदा मला म्हणाली, "मला चाक फिरताना दिसलं होतं गं. आता वाटतं, मीच वळवलं असेल. वय झालं की हात आपलं ऐकत नाहीत म्हणे." तिनं कपबशी धरायचं सोडून मोठा पेला घेतला, दोन्ही हातांनी धरता येतो म्हणून. शेवटी तिनंच काकांना म्हटलं, मला एकदा डॉक्टरांना दाखवा.

काका घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला हात पुढे धरायला लावले, बोटं नाकाला लावायला लावली, डोळे तपासले. काका बाहेरच्या बाकावर बसून होते. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, पण वयाच्या मानानं नसांना बळकटी यावी म्हणून गोळ्या घ्या. त्या गोळ्या काका आणायचे. रोज जेवणानंतर पाण्याचा पेला आणि गोळी स्वतः तिच्या हातात द्यायचे. काकू सगळ्यांना सांगायची, "हे माझं किती करतात." काका ते ऐकून उठून जायचे.

आणि रोज सकाळी, दादा ठकीला पाळणाघरात न्यायच्या आधी, ते गाडीजवळ बसून खिट्टी दहा-दहा वेळा ओढून बघायचे. दादा म्हणायचा, "बाबा, गाडी ठीक आहे, तुम्हीच सांगितलंत ना?" त्यांचं वजन उतरलं. कारखान्यातही ते दुरुस्त केलेलं यंत्र पुन्हा पुन्हा उघडू लागले. सुपरवायझरनं त्यांना विचारलं, निवृत्तीची तारीख जवळ आली म्हणून मन लागत नाही का. ते "हो" म्हणाले. त्यांना आता खोटं पटकन सुचायचं.

असे अकरा आठवडे गेले.

मग कारखान्यात एक गोष्ट घडली. पाकिटं चिकटवणाऱ्या यंत्रावर एक बाई होती. यंत्राचा तापलेला जबडा तिच्या बोटांवर आला. भाजलं, पण बोटं वाचली. सुपरवायझर म्हणाला, लक्ष नसेल, गप्पा मारत असेल. ती एकच सांगत होती, "मी बटण बंद केलं होतं. जबडा आपोआप खाली आला." यंत्र तपासायला काकांना बोलावलं. दहा-बाराजण भोवती उभे होते. काकांनी झाकण उघडलं, आत हात घातला आणि बटण बंद असताना जबडा अडवून ठेवणारा खटका बाहेर काढला. तो एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाला होता.

"बाई खरं सांगतायत," काका सगळ्यांदेखत म्हणाले. "दोष यंत्रात आहे. तसं लिहून घ्या."

सुपरवायझर म्हणाला, "नक्की?"

"मी सांगतोय ना."

ती बाई हाताला ओलं फडकं गुंडाळून उभी होती. म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात, फिटरसाहेब. मलाच वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकलं असेल."

काकांनी तो खटका टेबलावर ठेवला, हात पुसले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होती. ते समोर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी चाक आपोआपच फिरलं होतं."

काकूनं मान वर केली नाही. "आता कशाला ते?"

"मी खिट्टी घासली होती. ती सुटत होती. मी त्याच संध्याकाळी पाहिलं. दुसऱ्या दिवशी बदलली."

"माझी समजूत घालायला खोटं बोलू नका," ती म्हणाली. "मला सवय झालीय आता."

त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. धान्याचा डबा, उंबरा, तिसऱ्यांदा तिरकं लागलेलं चाक, लेथ, भंगाराची पेटी. अर्ध्यात कुठेतरी तिच्या हातातली घडी थांबली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि गोळ्या?"

काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"त्या गोळ्या रोज तुम्ही मला देत होतात."

"हो."

"पाणी घेऊन यायचात."

"हो."

काकूनं घडी घातलेला सदरा मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून घातला. मग म्हणाली, "संध्याकाळी ती दोघं आली की त्यांना सांगा. जसं मला सांगितलंत तसंच, काही न गाळता. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

त्यांनी सांगितलं. काही गाळलं नाही. मी तिथे नव्हते, पण चौघांकडूनही ऐकलंय आणि चौघांच्या सांगण्यात फरक नाही. दादा म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं." एवढंच, आणि तो खाली निघून गेला. बराच वेळ जिन्यात बसून होता. वहिनी ठकीला घेऊन उभी होती. ती काकूजवळ आली आणि म्हणाली, "आई, मी तुम्हाला बसायला लावायचे."

काकांना वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बॅग भरून तिच्या बहिणीकडे गेली. आदळआपट नाही, रडारड नाही. दूधवाल्याला काय सांगायचं, टाकीचं झाकण कधी लावायचं, सगळं समजावून गेली. तीन आठवडे तिकडे राहिली. काका दर रविवारी जायचे. बहीण चहा करायची, काकू समोर बसून भाचीच्या परीक्षेबद्दल बोलायची, टाकीबद्दल विचारायची आणि काका परत यायचे. एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. वाटेत म्हणाले, "तिनं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं." मला वहिनीच्या एखाद्या टोमण्याची वाट बघणारी काकू आठवली.

ठकीला ताप आला तेव्हा वहिनीनं फोन केला आणि काकू दुपारीच येऊन हजर झाली. दार वहिनीनंच उघडलं आणि ठकीला उंबऱ्यातच तिच्या हातात दिलं. काकू सवयीनं म्हणाली, "थांब, बसते आधी." वहिनी म्हणाली, "नको. अशाच घ्या." ती तापलेली पोर खांद्यावर टाकून काकू त्या खोलीत कितीतरी वेळ येरझाऱ्या घालत होती.

तीनचाकीचं काय करायचं हा प्रश्न आला. दादा टाकून द्या म्हणाला. काकू म्हणाली, "टाकायची नाही. कुणीतरी उचलून नेईल आणि आपलं मूल बसवेल. ह्यांनी आतून काय काय सुधारलंय, कुणाला ठाऊक?" काकांनी तीन दिवस बसून गाडी नट-बोल्ट सुटे करून मोडली. नवी गाडी घ्यायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. काका आत आले नाहीत. काचेबाहेर उभे राहिले. आतून दिसत होते, हात पाठीमागे बांधलेले, जणू काही हात लावू नका असं कुणी बजावलंय. काकूनं पाच-सहा गाड्या ढकलून पाहिल्या. ठकीला बसवून, एका हातानं, दोन्ही हातांनी, पायरीवरून, वळणावरून. शेवटी चार चाकांची, जरा जड अशी एक निवडली. तिच्या चाकांची कडी घट्ट होती, काकूला दोन्ही अंगठे लावावे लागले. "हीच," ती म्हणाली.

काका आता निवृत्त झालेत. शेजारीपाजारी अजून वस्तू घेऊन येतात. ते दुरुस्त करतात आणि परत देताना काय काय बदललंय ते समोरच्याला दाखवून देतात. समोरचा कंटाळला तरी सोडत नाहीत. ठकी शाळेत जाते. काकू आणि काका एकमेकांशी बोलतात, चेष्टाही करतात, पण गोळी द्यायची वेळ आली, मग ती साध्या डोकेदुखीची का असेना, की काकू उठून स्वतःची स्वतः घेते.

मागे एकदा मी तिला विचारलं, "काकू, तू माफ केलंस का त्यांना?"

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "खिट्टीचं कधीच केलं. तो माणूस हात शांत ठेवून बसूच शकत नाही, ते मी लग्न झाल्यापासून बघतेय. खोटं बोलले, तेही समजू शकते. घाबरले होते. पण कारखान्यातल्या त्या बाईसाठी त्यांचं तोंड पाच मिनिटांत उघडलं ना गं. तिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. ते मला अजून टोचतं."

काका पलीकडच्या खोलीत होते. दार उघडंच होतं, त्यांना ऐकू गेलं असणार. तिनं आवाज खाली केला नव्हता, आणि त्यांनीही उठून दार लावलं नाही.